थारसाठी हवेचा पंप: सुहासला पत्र

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या महिंद्रा थारचे टायर वाळूत हवा सोडल्यावर परत भरायला तू सुचवून पाठवलेले तिन्ही कंप्रेसर, म्हणजे हवेचे पंप, पाहिले. दोन सिलिंडरचा, मिनिटाला १५० लिटर हवा देणारा आधी बाजूला ठेव. लायटरच्या सॉकेटात खुपसायचा छोटाही तुझ्या कामाचा नाही. मधला घे: एका सिलिंडरचा, धातूच्या बॉडीचा, ७० लिटरच्या आसपासचा, थेट बॅटरीला चिमटे लावायचा. वाचलेल्या पैशांत जाड वायर, लांब नळी आणि नीट गेज आण. माणसं सगळे पैसे मोटारीवर घालतात आणि मग चार रुपयांच्या वायरीपाशी अडकतात.

हिशेब असा. तुझा २५५/६५ आर १८ टायर आतून साधारण ६० लिटरचा. वाळूत रुतू नये म्हणून तो १८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणलास आणि डांबरीवर परत ३२ करायचा आहे असं धर (खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचाच घ्यायचा). म्हणजे १४ पीएसआय चढवायचे. वातावरणाचा दाब १४.७, तेव्हा जवळजवळ टायरभर बाहेरची हवा पुन्हा आत कोंबायची. एका टायरला ५७ लिटर, चौघांना मिळून सुमारे २३०.

आता खोक्यावरचे ‘७० लिटर प्रति मिनिट’ हे नळी मोकळी सोडून मोजलेले असतात. टायरातला दाब उलटा रेटायला लागला की तोच पंप निम्म्यावर येतो. तरी ३५ लिटर धरले तर एका टायरला पावणेदोन मिनिटं, चारही मिळून सात. नळी इकडून तिकडे नेण्याचा वेळ धरून दहा-बारा मिनिटांत मोकळा. दोन सिलिंडरवाल्याने यातली तीन-चार मिनिटं वाचतील. त्यासाठी दुप्पट पैसे आणि दुप्पट करंट कशाला? तुझे टायर ३५ इंची असते तर वेगळं बोललो असतो.

छोट्याची गोष्ट उलटी. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा. १२ व्होल्टला १५ अँपिअर म्हणजे १८० वॉट, त्याच्यावर त्या भोकातून काही मिळत नाही. तेव्हा सॉकेटवर चालणाऱ्या पंपावर कोणी १०० लिटर छापले असतील तर सरळ पुढे जा. असा पंप एका टायरला पाचेक मिनिटं घेतो. तिसऱ्या टायरपर्यंत त्याची विश्रांतीची वेळ होते, कारण यातले बरेचसे १० ते १५ मिनिटांच्या वर सलग चालवायचे नसतात. यात तेल नसतं. पिस्टनची रिंग कोरडी घासते, तापली की झिजते, आणि मग पंप आवाज करतो पण दाब चढवत नाही. विकत घेताना दोनच आकडे विचार: किती अँपिअर खातो, आणि ३० पीएसआयवर सलग किती मिनिटं चालतो. दुकानदाराला दुसरा सांगता आला नाही तर बहुतेक वेळा उत्तर सोयीचं नसतं. घरी आणल्यावर घड्याळ लावून एक टायर १८ वरून ३२ कर. ५७ ला लागलेल्या मिनिटांनी भाग, तुझ्या पंपाचा खरा आकडा निघेल. परत करायची मुदत संपायच्या आत हे करायचं.

वायर. असल्या पंपाबरोबर येणारी वायर वरून जाड दिसते, आत तांबं बेताचं. कधी नुसतं तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. तीन मीटर जायला, तीन यायला, अशी सहा मीटर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ३० अँपिअरला सव्वा व्होल्ट खाते. तीच सहा स्क्वेअरची घेतलीस तर अर्धाच व्होल्ट जातो. व्होल्ट पडला की मोटार मंदावते, जास्त वेळ चालते, जास्त तापते. म्हणून वायर आखूड आणि जाड ठेव, लांबी नळीत घे. हवेच्या एवढ्याशा प्रवाहाला आठ मीटर नळीत फारसं नुकसान होत नाही. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच बसव, पंपाशी नव्हे. वायर मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली तर पंपाशेजारचा फ्यूज काहीच वाचवत नाही. पंप ३० अँपिअर खात असेल तर फ्यूज ४० चा.

काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावू नकोस, इंजिनाच्या किंवा बॉडीच्या उघड्या बोल्टला लाव. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून वीज काढली की गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो. इंजिन चालू हवं, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. बंद इंजिनावर बॅटरी साडेबारा व्होल्ट देते, चालू असताना चौदाच्या आसपास, आणि तो फरक पंपाच्या आवाजातच कळतो. आधी पंप सुरू कर, मग नळी टायरच्या वॉलला (हवा भरायच्या व्हॉल्व्हला) लाव. दाबाखाली सुरू होताना मोटार जास्त करंट ओढते, आणि फ्यूज उडतात ते बहुधा तेव्हाच.

पंपाला लागून पहिला मीटरभर नळी रबराची किंवा जाळीची असू दे. तिथून निघणारी हवा चटका बसेल इतकी गरम असते, साधा पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकचा) पाइप मऊ पडून सांध्यातून सुटतो. पुढे ८ मिमीचा पीयू चालेल. हे सगळं बोहरी आळीत मिळेल, मुंबईत असलास तर नागदेवीला. वॉलला लावायचं टोक आट्याचं नको, खटक्याचं घे. आट्याचं काढताना हवा फुसफुसत जाते आणि गरम पितळ बोटांना लागतं.

पंपावरच्या गेजवर विसंबू नकोस. हवा चालू असताना ते नळीतला दाब दाखवतं आणि तो टायरपेक्षा जास्त असतो. थांबवून वाचायचं, तेही वेगळ्या गेजवर. ० ते ६० पीएसआयचं घे. १५० पर्यंतच्या तबकडीवर १८ आणि २० यांतला फरक डोळ्याला दिसत नाही.

जैसलमेरजवळ सम गावच्या वाळूत १८ वर सुरुवात कर, रुतायला लागलास तर १५. त्याखाली नको. साध्या रिमवर वळताना टायर रिमवरून सुटतो आणि तो परत बसवायला तुझ्या पंपाचा जोर पुरत नाही. (स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ बघून ठेवले असशील, ते विसर.) दगडधोंड्यांत २० ते २२ पुरे. हवा कमी असताना वेग ३०-४० च्या आत. डांबरीवर तसंच पळवलंस तर टायरची बाजू (साइडवॉल) आतून तापून फाटते, बाहेरून काही दिसत नाही. हवा सोडायला वॉलची पिन काढायचा पाना आणि चार जादा पिना डब्यात ठेव. वाळूत पडलेली पिन सापडत नाही. पंपही वाळूवर ठेवू नकोस, खाली पायपुसणं टाक, कारण तो जमिनीलगतचीच हवा ओढतो. फिल्टरचा स्पंज येताना झटक. आणि समुद्रकिनाऱ्याचा बेत असेल तर सोड. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आपल्या कोकणातही पोलीस गुन्हे नोंदवतात.

लेहला साडेतीन हजार मीटरवर हवाच विरळ, आपल्याकडच्या दोन तृतीयांश. म्हणजे ७ मिनिटांच्या कामाला दहा-अकरा लागतील. दोन टायर झाले की पंपाला हात लावून बघ आणि दहा मिनिटं सोड.

चारही टायर एकदम जोडायचा नळ्यांचा संच सध्या नको. पंपाला वेळ तेवढाच लागतो, फक्त उठबस वाचते, आणि पंप सलग चालत असल्याने तापतोही जास्त. टाकीची गरज नाही. चार्जिंगवाला हातातला पंप पंक्चरपुरता ठीक, चार मोठ्या टायरांना त्याची बॅटरी पुरत नाही.

आता एवढं कर: बॉनेट उघडून बॅटरीच्या प्लसपासून मागच्या टायरच्या वॉलपर्यंत आणि दारावरच्या स्टेपनीपर्यंत टेपने मोज आणि कळव. शनिवारी बोहरी आळीत जाणार आहे, नळी आणि वायर कापूनच आणतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद