तिसरी पिशवी न लावणाऱ्या निवासी डॉक्टरांना

प्रिय डॉक्टर,

माझ्या वडिलांचं, आबांचं, हिमोग्लोबिन परवा 11 आलं. सकाळी उसाला पाणी द्यायला जातात, रात्रीच्या पाळीला मात्र आम्ही अजून जाऊ देत नाही. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी तुमची ड्युटी नव्हती, त्यामुळे समोरासमोर आभार मानायचे राहून गेले. हे पत्र उघड लिहिते आहे, कारण रक्ताची उलटी झालेल्या माणसाला घेऊन जी घरं सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात पोहोचतात, त्यांना तुम्ही त्या रात्री काय केलंत ते कळावं असं मनापासून वाटतं. तुम्हाला न विचारता तुमचं नाव लिहिणं मला पटत नाही, म्हणून ते लिहिलेलं नाही.

रक्ताची उलटी झाली म्हणून आबांना आणलं, तेव्हा तुम्ही त्यांची नाडी धरलीत आणि उलटीबद्दल विचारण्याआधी दोन प्रश्न केलेत. संडासला डांबरासारखी काळी, चिकट होत होती का? आणि गुडघ्यासाठी कुठली गोळी घेता? आबांनी मान खाली घातली. काळी होत होती, पण घरात कुणाला बोलले नव्हते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून खात होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, असल्यामुळे अ‍ॅस्पिरिन रोजचीच. या दोन गोळ्या एकत्र आल्या की पोटाच्या आतल्या अस्तराला जखम कशी होते, ते तुम्ही आम्हाला तिथेच दोन वाक्यांत सांगितलंत. बोलता बोलता दोन्ही हातांना जाड सुया लागल्या होत्या, सलाईन सुरू झालं होतं, आणि क्रॉसमॅचसाठी, म्हणजे पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघायला, आबांचं रक्त घेऊन मामा रक्तपेढीकडे निघाले होते.

हिमोग्लोबिन 6.9 होतं. दोन पिशव्या चढल्यावर 8.4 झालं आणि तुम्ही रक्त थांबवलंत.

तेवढ्यात गावाकडून काका आले, रक्त द्यायला तयार असलेली चार पोरं सोबत घेऊन. आबांचा चेहरा पाहून त्यांचा आवाज चढला. "माणूस पांढराफटक पडलाय आन तुम्ही पिशवी बंद करताय?" अशा आवाजाचं पुढे काय होतं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला ठाऊक आहे. तुम्ही सुरक्षारक्षकाला बोलावलं नाहीत. काकांना बाकावर बसवलंत आणि स्वतः शेजारी बसलात.

तुम्ही म्हणालात की लागेल तेवढं रक्त द्यायचंच, पण लागेल त्यापेक्षा जास्त दिलं तर नुकसान होऊ शकतं. रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि जखमेवर नुकती धरलेली गुठळी सुटू शकते. स्पेनमधल्या बार्सिलोनात 921 रुग्णांवर हे पडताळून पाहिलंय, असंही सांगितलंत. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरी आल्यावर तो 2013 सालचा अभ्यास शोधून वाचला. निम्म्या रुग्णांना हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं होतं, उरलेल्यांना 9 च्या खाली गेल्यावर. कमी रक्त मिळालेल्या गटातले 95 टक्के रुग्ण सहा आठवड्यांनंतर जिवंत होते, जास्त रक्त मिळालेल्यांपैकी 91 टक्के. पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाणही पहिल्या गटात कमी होतं. काकांना तुम्ही टक्केवारी सांगितली नाहीत. "आबांच्या हृदयात स्टेंट आहे, म्हणून सातवर न थांबता आठच्या वर ठेवतोय. दर थोड्या वेळाने बघतेय. खाली गेलं तर तुम्ही म्हणायच्या आत तिसरी पिशवी लावेन," एवढंच म्हणालात. काका गप्प झाले. ती चार पोरं मात्र रक्तपेढीत रक्त देऊनच परतली, ज्याला गरज असेल त्याच्यासाठी.

रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन का देत नाही, असंही कुणीतरी विचारलं. पंधरा देशांतल्या बारा हजार रुग्णांवर ते करून पाहिलंय, पोटातल्या रक्तस्रावात त्याने जीव वाचत नाही आणि शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, असं तुम्ही उभ्या उभ्या सांगून पुढच्या खाटेकडे गेलात.

मध्यरात्री माझा स्वतःचा प्रश्न होता तो दुर्बिणीचा, म्हणजे तोंडातून नळी घालून पोटात बघण्याचा. जखम आत आहे, ती दुर्बिणीतूनच बंद होणार आहे, मग सकाळपर्यंत का थांबायचं? तुम्ही झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी, पण न कंटाळता सांगितलंत की दुर्बीण 24 तासांच्या आत करायचीच, पण आधी रक्तदाब सावरायला हवा, ईसीजी बघायला हवा, अ‍ॅसिड कमी करणारं औषध शिरेतून जायला हवं. हाँगकाँगमध्ये अशाच गंभीर रुग्णांपैकी काहींना सहा तासांच्या आत दुर्बीण केली आणि काहींना त्यानंतर, 24 तासांच्या आत. घाई केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. लिव्हर खराब झाल्यामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्या असत्या तर हिशोब वेगळा असता, तिथे बारा तासांच्या आत जावं लागतं आणि औषधंही निराळी असतात, हेही तुम्ही बजावलंत. रक्तदाब धरेना झाला तर दुर्बीण करणाऱ्या सरांना रात्रीच बोलावणार होता, आणि त्यांना फोन करून तशी कल्पनाही देऊन ठेवली होती. हे ऐकल्यावर मला त्या बाकावर बसता तरी आलं. नातेवाइकाला डॉक्टरांची धावपळ दिसली की उपचार चालू आहेत असं वाटतं, आणि डॉक्टर थांबले की माणूस वाऱ्यावर सोडलाय असं वाटतं. त्या रात्री तुमच्या थांबण्यामागे किती लक्ष होतं ते मी पाहिलं. सिस्टरही दर पंधरा मिनिटांनी येऊन नाडी आणि रक्तदाब लिहून जात होत्या. त्यांचेही आभार इथेच मानते.

सकाळी दुर्बिणीत लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अल्सर, म्हणजे जखम, सापडला, तळाशी रक्तवाहिनी उघडी पडलेली. सरांनी आधी अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं, मग क्लिप लावली. नंतर 72 तास ते अ‍ॅसिडचं औषध शिरेतून चालू राहिलं, कारण पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती याच दिवसांत सगळ्यात जास्त असते.

आणि मग अ‍ॅस्पिरिन. यासाठी तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू ते मला खरंच कळत नाही. घरात सगळ्यांचं ठरलं होतं की ती गोळी आता आयुष्यात परत नको. आबांनी तर पाकीट कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी राउंडला तुम्ही म्हणालात की अ‍ॅस्पिरिन आजपासून पुन्हा सुरू. आम्ही तुमच्याकडे बघतच राहिलो. तुम्ही राउंड संपवून परत आलात आणि आबांच्या पायाशी उभं राहून थेट आबांनाच समजावलंत, की पोटाची जखम आता बंद केली आहे, वर अ‍ॅसिडच्या गोळीचं संरक्षण आहे, पण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती कुणाला वेळ देणार नाही. हाही अभ्यास मी नंतर वाचला, 2010 सालचा, हाँगकाँगचाच. हृदयासाठी वा मेंदूसाठी अ‍ॅस्पिरिन लागणारे, अल्सरमधून रक्तस्राव झालेले 156 रुग्ण. गोळी चालू ठेवलेल्यांत पुन्हा रक्तस्राव थोडा जास्त झाला, पण आठ आठवड्यांत त्यांच्यातले 1.3 टक्के दगावले आणि गोळी बंद ठेवलेल्यांतले 12.9 टक्के. वाचून मी बराच वेळ वही मिटून बसले. आबांची गोळी आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रेमापोटी, बंद केली असती. औषध लिहून देऊन तुम्ही निघून गेला असता तरी घरी येऊन ती बंदच झाली असती. आबा ती आज घेतात, कारण तुम्ही परत आलात. काका काही म्हणाले की आबांचं उत्तर ठरलेलं असतं, "त्या पोरीनं सांगितलंय. तिला इचार, मग मला सांग."

डिस्चार्ज कार्डावर तुम्ही लाल पेनने मराठीत लिहिलंत की गुडघ्याची कुठलीही गोळी, मलम सोडून, विचारल्याशिवाय घ्यायची नाही. त्याचा फोटो आबांच्या, आईच्या आणि गावातल्या मेडिकलवाल्याच्याही मोबाइलमध्ये आहे. अल्सर करणारा एक जंतू असतो, त्यासाठी दुर्बिणीतून तुकडा घेऊन केलेली बायोप्सी निगेटिव्ह आली होती, पण रक्तस्राव चालू असताना घेतलेल्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका, तपासणी पुन्हा करा, असं तुम्ही सांगितलं होतं. त्यासाठी अ‍ॅसिडची रोजची गोळी दोन आठवडे थांबवून त्या काळापुरती दुसरी द्यायची ठरली आहे, आणि श्वासाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

तेव्हा ओपीडीला येऊच. तुमची ड्युटी कुठल्या वॉर्डला असेल ते विचारून ठेवते आहे. आबांना स्वतः येऊन तुम्हाला भेटायचं आहे, आणि आमच्या गुऱ्हाळाचा गूळ द्यायचा आहे. तो तुम्ही घ्यायलाच हवा.

आपली कृतज्ञ,
पुरुष वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आबांची मुलगी