नामदेव जाधवांची हकिगत पूर्ण सांगावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी अलीकडेच माजी सैनिकांचा सत्कार झाला. भाषणाच्या ओघात व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश काळातील सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी नामदेव जाधव यांचे नाव आले, ‘ते शत्रूवर वाघासारखे तुटून पडले’ एवढे एक वाक्य झाले आणि वक्ते पुढे गेले. माझ्या शेजारी बसलेल्या सातवीतल्या मुलाने हळूच विचारले, ‘सर, पण त्यांनी नेमके केले काय?’ त्याला जे सांगितले, तेच येथे लिहीत आहे.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे आपल्या जंगी पलटणीत, साधे शिपाई होते. वय अवघे 23. दुसऱ्या महायुद्धात, 9 एप्रिल 1945 च्या संध्याकाळी, इटलीतील सेनियो नदी ओलांडताना ते कंपनीचे निरोपे होते. छातीभर पाण्यातून त्यांची छोटी तुकडी पूर्वेच्या बांधावर चढली, तोच जर्मन मशिनगनचा मारा सुरू झाला. कंपनी कमांडर आणि दोघे जखमी झाले, बाकीचे सहकारी जागीच पडले आणि धडधाकट उरले ते एकटे जाधव. त्यांनी आधी एका जखमीला उचलले, नदीतून, निसरड्या चढावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले, आणि त्याच गोळीबारात परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. त्यानंतर तिसऱ्यांदा ते पलीकडे गेले. पहिले ठाणे त्यांनी टॉमीगनने गप्प केले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बने आणखी दोन ठाणी उद्ध्वस्त केली. मध्ये बॉम्ब संपले, तर बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन सोबत्यांकडून नवे घेतले. अखेर बांधावर उभे राहून त्यांनी पलटणीची गर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावले.

तुटून पडणे खरेच आहे. पण त्याआधीच्या त्या दोन खेपा आपल्या भाषणांतून गळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. माझ्या मते त्या खेपा अधिक अवघड होत्या, कारण खांद्यावर माणूस असताना उलट गोळी झाडता येत नाही. जखमीला मागे न सोडणारा शिपाई मुलांना समजला, तर त्यांना पलटण समजेल.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. पहाटे कॅम्प भागातून जाताना घामाने भिजलेल्या नव्या जवानांच्या तुकड्या पळताना दिसतात. त्यांच्यात जवळपास जाधवांच्याच वयाची मुले असतात. सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेलेली घरे आहेत. तरीही आपल्या मुलांना ही हकिगत ठाऊक नसावी, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी भागांतील शाळांना आणि वाचनालयांना माझी विनंती आहे, की 9 एप्रिल रोजी हा प्रसंग मराठीत आणि कन्नडातही, विशेषणे न लावता, घडला तसा वाचून दाखवावा. 10 जुलै 1944 रोजी इटलीतच, सारी तुकडी मारली किंवा जखमी झाल्यावर, एकट्याने मशिनगनवर धाव घेऊन ठाणे जिंकणारे आणि त्याच जागी धारातीर्थी पडलेले, याच रेजिमेंटचे आणि याच पदकाचे मानकरी, 22 वर्षांचे नाईक यशवंत घाडगे यांचीही हकिगत त्यांच्या दिवशी वाचावी. आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची डिस्चार्ज बुके, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळालेली नोंदपुस्तके, ट्रंकेत पडून आहेत, त्यांनी ती वाळवी लागण्याआधी बाहेर काढून त्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. आमच्या गावात हे काम मी येत्या रविवारपासून सुरू करत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव