चिऊ, चष्मा घाल

चिऊ,

पुण्याला पोचलीस ते मावशीकडनं कळलं. रविवारी बोललो ते चुकलंच माझं. बी.ए.ला कशाला पाहिजे केमिस्ट्री, सोपं काहीतरी घे, असं म्हणायला नको होतं. 2020 च्या नवीन शिक्षण धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावा लागतो हे तू चारदा सांगितलंस, मी ऐकूनच घेतलं नाही आणि तू डबा ओट्यावर ठेवून निघून गेलीस.

मार्कांची काळजी नाही गं मला. ॲसिडची आहे. प्रॅक्टिकलला डोळ्यावर चष्मा घालतेस ना?

तू दीड वर्षाची होतीस तेव्हा गुऱ्हाळावर कळीचा चुना भिजवताना तो एकदम उकळला आणि शिंतोडा माझ्या डाव्या डोळ्यात गेला. अण्णांनी मानगूट धरून नळाखाली घातलं, अर्धा तास सोडलं नाही, मी ओरडतोय तरी. म्हणून डोळा राहिला. पट्टी बघून तू रडायचीस, माझ्याकडं यायची नाहीस. अजून रात्री दिव्याभोवती कडं दिसतं मला.

जाताना रागात काय बोललीस आठवतंय? "आबा, तुम्ही रसात चुना टाकता तो आंबटपणा मारायला, नाहीतर साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग गूळ चिकट राहतो." तीस वर्षं टाकतोय गं मी चुना. अण्णांनी एवढंच शिकवलेलं, चुना कमी पडला की गुळाला रवा बसत नाही. दुसऱ्या दिवशी काहिलीजवळ सगळ्यांना सांगितलं. गुळव्या म्हणाला, पोरगी सायन्सला आहे काय? म्हटलं नाही, इतिहासाला, कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या गूळ बाजारावर लिहिणार आहे, शाहू महाराजांनी 1895 ला पेठ वसवली तिथनं सुरुवात करून.

तुझी वही राहिली इथं. उघडली, रागावू नको. साखरेचा एक मोल म्हणजे 342 ग्रॅम असं लिहिलंयस. मी काट्यावर तेवढी साखर मोजली, दोन वाट्या भरल्या. त्यात म्हणे सहावर तेवीस शून्यं एवढे रेणू. तुझी आई म्हणाली वेड लागलंय, पण तिनंही वाकून बघितलं.

आणि ते ब्युरेटमधनं, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतनं, थेंब थेंब सोडायचं लिहिलंयस, फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं, ते घाईत करू नको. पाक गार पाण्यात टाकून गोळी होते का बघताना गुळव्या कुणाशी बोलत नाही, तसं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. सर सांगतीलच म्हणा, मी परत शिकवायला लागलो, राहू दे.

वही उद्या पहाटेच्या एसटीनं पाठवतोय. सोबत काकवीची बाटली आहे, आणि बाजारातनं घेतलेला बाजूनं बंद असलेला चष्मा. तुझ्या नंबरच्या चष्म्यावरनं बसतो का घालून बघ, बसला नाही तर लगेच फोन कर, मी मोठा आणतो.

आबा