आजीला सांगा, तो मासा का सोडला ते

प्रिय आई, बाबा आणि आजी,

परवा व्हिडिओ कॉलवर मी धरून सोडलेल्या माशाचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा तुम्ही सगळे एकदम बोलत होतात, त्यात आजीने मधेच "खावचो नाय तर धरूचो कित्याक?" विचारलं आणि पुढचं सगळं हसण्यावारी गेलं, म्हणून आता सावकाश लिहितेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, आजीला मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत.

त्या माशाचं नाव टार्पन. इथे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या आमच्या फोर्ट मायर्सच्या समोर सॅनिबल, कॅप्टिव्हा अशी लांबट बेटं आहेत, 2022 च्या इयान वादळात ज्या बेटाचा पूल तुटलेला तुम्ही बातम्यांत बघितला होतात ना, तेच सॅनिबल. बेटांच्या पलीकडे मेक्सिकोचं आखात. म्हणजे समुद्र आपल्यासारखाच पश्चिमेला, सूर्य पाठीमागून जमिनीवर उगवतो, आणि पहाटे जमिनीकडून वारा असला की पाणी एकदम गप्प असतं. आपल्याकडे मतलई म्हणतात तोच प्रकार. मे ते जुलै हे मासे झुंडीने किनाऱ्याला धरून जातात, दोन-तीन पुरुष खोल पाण्यात, इतके जवळून की वाळूत खुर्च्या टाकून बसलेल्यांना हाक मारली तर ऐकू जाईल. आणि त्या बसलेल्यांना काही पत्ता नसतो!

आमच्या बिल्डिंगमधला एक रिटायर्ड प्लंबर आहे, सगळे त्याला कॅप्टन म्हणतात, त्याची छोटी फायबरची होडी आहे, तिघं बसलं की भरली. तुमच्या जावयाला बोट लागते त्यामुळे मीच जाते. आधी उधाणाच्या ओहोटीला दोन बेटांच्या मधल्या तोंडातून बारक्या कुर्ल्या वरच्यावर वाहत बाहेर येतात, त्या जाळीने टिपायच्या, तोच चारा. बाबा, तुम्हाला हाच भाग जास्त आवडेल, मला माहितेय.

मग बघत बसायचं. गळ टाकून बसायचं नाही हां, नुसतं बघत बसायचं. टार्पनला कल्ले आहेत पण त्याची पोटातली हवेची पिशवी फुप्फुसासारखी चालते, त्यामुळे तो अधूनमधून वर येऊन तोंडाने हवा गिळतो आणि पाठ वळवून खाली जातो, तेव्हा चांदीसारखं काहीतरी चमकून जातं. तेवढंच दिसतं. ते कुठल्या दिशेला जातायत हे त्यावरून ओळखायचं आणि होडी लांबून वळसा घालून त्यांच्या वाटेत पुढे नेऊन ठेवायची, मोठं इंजिन बंद, फक्त बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर, कारण आवाज झाला की झुंड खाली बसते आणि मग सकाळ गेली. आपल्याकडचे रापणवाले, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, पाण्याचा रंग आणि पक्षी बघून थवा ओळखायचे, आणि तुम्ही मला शाळेला दांडी मारून ते बघायला न्यायचात, ते मला इथे रोज आठवतं. खरं सांगू का, ही सगळी मजा डोळ्यांचीच आहे, ओढाओढी नंतरची. काही लोक मात्र मोठं इंजिन लावून सरळ झुंडीवर होडी घालतात, त्यांच्यावर कॅप्टन जे बोलतो ते आईसमोर वाचण्यासारखं नाही.

कुर्ली टाकायची ती झुंडीवर नाही, पुढच्या माशाच्या थोडी पुढे. गळ गोल वाकलेला असतो, त्यामुळे आपल्यासारखा हिसका मारायचाच नाही, नुसती दोरी गुंडाळत ताण आणायचा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, कारण बाकी तोंड हाडासारखं टणक. आणि मग तो उडतो. बाबा, अख्खा मासा पाण्याबाहेर, माझ्या उंचीचा, कल्ले वाजतायत, डोकं झाडतोय, आणि त्या क्षणी काठी मागे ओढायची नसते, उलट वाकून काठीचं टोक त्याच्याकडे करायचं म्हणजे दोरी सैल पडते, नाहीतर हवेत त्याचं सगळं वजन दोरीवर येऊन ती तुटते. इथे याला राजाला मुजरा म्हणतात, कारण टार्पनचं लाडाचं नाव चंदेरी राजा.

मी धरला तो 50 किलोच्या आसपास असेल असं कॅप्टन म्हणाला, मोजला नाही. (जगातला रेकॉर्ड 2003 चा आहे, आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊचा, 286 पौंड, म्हणजे जवळजवळ 130 किलो.) तो होडी ओढत नेत होता आणि आम्ही त्याच्या मागे, काठी वर न धरता बाजूला खाली धरायची म्हणजे तो लवकर दमतो. लवकर दमवायचा कारण पाण्यात हातोडी तोंडाची मोठी मुशी, म्हणजे शार्क, फिरते आणि दमलेला टार्पन तिला आयता मिळतो. मुशी दिसली की कॅप्टन लगेच दोरी सैल सोडतो, मासा पळू दे म्हणतो. त्या दिवशी आली नाही. माझे हात मात्र दोन दिवस कंगवा धरायचे नाहीत.

आता आजीचा प्रश्न. फ्लोरिडात 2013 पासून टार्पन धरून सोडायचाच, असा कायदा आहे, आणि 40 इंचांपेक्षा मोठा असेल तर फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर काढायचा नाही, म्हणून व्हिडिओत नुसतं डोकं दिसलं. ठेवायचा तर रेकॉर्डसाठी, त्याला साधारण 50 डॉलरचा वेगळा टॅग, म्हणजे परवाना, घ्यावा लागतो. तसाही काटे इतके की इथे कोणी खात नाही. पूर्वी लोक मारून टांगून फोटो काढायचे. टेक्सासमध्ये एक जुनं हॉटेल आहे, टार्पन इन, तिथे भिंतीवर तळहाताएवढे खवले लावलेत, धरणाऱ्याने त्यावर नाव-तारीख लिहायची, प्रेसिडेंट रूझवेल्टने 1937 साली सही केलेला खवलासुद्धा आहे. पण हा मासा वयात यायलाच दहाएक वर्षं घेतो आणि 50 वर्षांपेक्षा जास्त जगतो, म्हणजे मी धरलेली मादी माझ्याहून मोठीही असू शकेल, ती मारून करायचं काय.

मग धरायचाच कशाला, हे राहतंच. आजी, तुझं म्हणणं मला पटतं, तिला त्रास तर होतोच. तरी पुढच्या पौर्णिमेला मी परत जाणार आहे.

बाबा, तुम्ही येणार असाल तर डिसेंबरचं तिकीट काढू नका, जूनमध्ये या. आईचे आंबे तोपर्यंत आटपतील आणि 1 जूनपासून तिकडे मासेमारी बंदच असते, तुम्ही घरात बसून सगळ्यांचं डोकं खाता. लायसन्स मी ऑनलाइन काढून ठेवीन. तुमची गरी आणू नका, एअरपोर्टवर प्रश्न विचारतील, सुकट मात्र आणा पण नीट पॅक करून, मागच्या वेळी माझ्या सगळ्या कपड्यांना वास होता.

तुमची,
बाय