स्टार्टर खिशात ठेवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

तुम्ही मार्चमध्ये रिटायर झालात, हे मला परवा गोव्यातल्या आमच्या वाळपईच्या बाजारात कळलं. तुमच्या वॉर्डात पूर्वी काम केलेल्या एक बाई भाजी घेताना भेटल्या, त्यांनी सांगितलं. नऊ वर्षं ‘एकदा जाऊन भेटून येऊ’ म्हणत राहिलो आणि तुम्ही शेवटची ड्यूटी संपवून घरी गेलातसुद्धा. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही. हॉस्पिटलचंही घालत नाही, कारण वॉर्डातल्या ट्यूबचा स्टार्टर, म्हणजे ती पेटवणारी छोटी डबी, काढून ॲप्रनच्या खिशात टाकणं नियमात बसतं की नाही ते मला ठाऊक नाही, आणि तुमचे पेन्शनचे कागद अजून कुठल्या टेबलावर अडकलेत तेही ठाऊक नाही.

मी तुम्हाला आठवणार नाही. आठवलोच तर ओरडणारा माणूस म्हणून आठवेन. २०१६ चा एप्रिल, रात्री अकराच्या सुमाराला सत्तरी तालुक्यातून आणलेला माकडतापाचा पेशंट, वय ५८, खिडकीकडून दुसरी खाट. मी त्याचा मुलगा.

बाबांना त्या रात्री उजेड सोसत नव्हता. डोळे लालभडक, कपाळात कुणी पहार घालतंय असं कण्हणं, आणि खाटेच्या नेमकी वर भुंग्यासारखी गुणगुणणारी ट्यूब. मी पंचा ओला करून डोळ्यांवर घालायचो, तो पाच मिनिटांत कोमट व्हायचा आणि बाबा ओढून फेकून द्यायचे. दिवा बंद करावा तर एका बटणावर अख्खी रांग. समोरच्याला सलाईन, त्याच्या बाजूच्याला ऑक्सिजन. सगळ्यांना अंधारात कसं ठेवणार? हे आता कळतं. तेव्हा मी तुमच्या टेबलापाशी येऊन तावातावाने बोललो. “पगार कशाचा घेता?” असंही म्हणालो. तुम्ही विसरला असाल तर बरं. मी विसरलेलो नाही.

तुम्ही काही बोलला नाहीत. हातातली नोंद पुरी केलीत, पेनाला टोपण लावलंत आणि माझ्या मागून खाटेपाशी आलात. बाबा तेव्हा आमच्यात नव्हतेच. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या त्यांच्या आईला हाका मारत होते. “आये, दिवो पालय गे. आये, दिवो पालय.” दिवा मालव म्हणून. मी त्यांना दरडावत होतो, अहो बाबा, आजी कुठली इथे, हे हॉस्पिटल आहे. तुम्ही मला हातानेच बाजूला केलंत, कोपऱ्यातलं स्टूल ओढलंत आणि म्हणालात, “बटण बंद कर. हांव सांगतां तेन्ना परत घाल.”

तुमच्या डाव्या गुडघ्याला पट्टा होता. आधी उजवा पाय, मग भिंत धरून डावा. मी बटण दाबलं, रांग काळोखी झाली, कोपऱ्यातून कुणीतरी कुरकुरलं. काळोखात फक्त तुमचा हात पत्र्याच्या पट्टीवर चाचपडल्याचा आवाज. मग तुमचा आवाज आला, आणि तो माझ्यासाठी नव्हता. “पालयलो रे दिवो. आतां न्हिद.”

मालवला रे दिवा, आता झोप.

बाबा म्हणाले, “हय गे.” हो गं. तेवढंच. पुढे तुम्ही “घाल” म्हणालात, मी बटण दाबलं, रांगेतल्या बाकीच्या ट्यूब फडफडून पेटल्या आणि आमच्या डोक्यावरची तेवढी काळी राहिली. मी इतका वेळ तापलेल्या माणसाला वास्तवात ओढून आणायच्या खटपटीत होतो. तुम्ही त्यांच्या आईच्या जागी उभ्या राहून उत्तर दिलंत आणि काम झालं. नंतर तुम्ही मला सांगितलंत, पेटलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढला तरी ती विझत नाही, आधी बटण बंद करावंच लागतं, नाहीतर तुला त्रास दिला नसता. माझ्यावर ओरडायची पाळी तुमची होती आणि तुम्ही मला ट्यूब शिकवत होता.

पहाटे डॉक्टरांच्या राउंडच्या आधी पुन्हा स्टूल, पुन्हा बटण, स्टार्टर जागेवर. अशा चार रात्री. पाचव्या रात्री तुमची सुट्टी होती. मी मनात म्हटलं, आता आज काही खरं नाही. दहा वाजता एक कोवळी पोरगी, बहुतेक नुकतीच नोकरीला लागलेली, स्टूल घेऊन आली. “तुम्ही बटण बंद करा,” म्हणाली. ड्यूटी बदलताना तुम्ही तिच्या कानात सांगून गेला होता. रजिस्टरात तर लिहिता आलं नसतं.

तुमच्यापर्यंत पोचण्याआधी आम्ही काय काय पाहिलं, तेही आज लिहून टाकतो, कारण ते पाहिलं नसतं तर एका स्टार्टरचं एवढं वाटलं नसतं.

मार्चच्या मध्यावर बाबांना पहिला ताप आला. १०४. आमच्या जवळच्या एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. बाबांचे दोन्ही हात त्या टेबलावर होते. काजूच्या चिकाने काळी झालेली बोटं, सोलवटलेली कातडी. मोसमात सत्तरीतला शाळकरी पोरही असे हात बघून सांगेल की हा माणूस दिवसभर बागेत काजूचे बोंडू गोळा करतो. डॉक्टरनी हात पाहिले नाहीत. तोंडही नीट पाहिलं नाही. “व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे,” म्हणाले. (एका अर्थी खोटं नव्हतं, माकडतापही विषाणूचाच.) सुई, सलाईन, गोळ्या, तीन फेऱ्या, तीन बिलं. “कुठे काम करता?” हा प्रश्न फुकट होता, तो तेवढा राहिला. तोही आदल्याच वर्षी सत्तरीतल्याच पाली गावात माकडतापाने माणसं पडलेली असताना.

दहा-बारा दिवसांनी ताप उतरला. बरा झाला, जा कामाला, असं तिथेच सांगितलं. बाबा गेले. काजूचा मोसम काय कुणासाठी थांबतो? आणखी दहा दिवसांनी पुन्हा ताप, डोकं उठलेलं, हात थरथरणारे, आणि एका संध्याकाळी त्यांनी मला माझ्या काकाच्या नावाने हाक मारली. मग एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथे कुणीतरी माकडताप हा शब्द उच्चारला मात्र, खाटेभोवतीची माणसं दोन पावलं मागे सरकली. आम्हाला पॅसेजमध्ये ठेवलं. तासाभराने बेड नाही म्हणाले. बेड होता, मी आत जाऊन पाहिला होता.

गावाचंही सांगतो, दुसऱ्याला नावं ठेवताना आपलं झाकायला नको. शेजारच्यांनी पोरांना आमच्या अंगणात पाठवणं बंद केलं. माझी सख्खी आत्या दारातून विचारपूस करून गेली, पाणीसुद्धा प्यायली नाही.

ज्यांना हा ताप माहीत नाही त्यांच्यासाठी. १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडली. तिथला हा विषाणू. गोचिडीतून येतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात, आणि आपली माणसं डिसेंबर ते मे याच पाचोळ्यात हात घालत असतात, कुणी लाकडांसाठी, कुणी काजूसाठी. बारकी गोचीड मोहरीएवढीही नसते, चावलेली कळत नाही. यावर खास औषध नाही. पाणी कमी पडू द्यायचं नाही, रक्तस्राव होतो का, प्लेटलेट किती, यावर डोळ्यात तेल घालून बसायचं. शंभरातले तीन ते पाच दगावतात. आणि हा फसवा असतो. काहींना आठवडा-दोन आठवडे बरं वाटून पुन्हा उलटतो, तेव्हा डोक्यात शिरतो. माणसाकडून माणसाला मात्र होत नाही. ही शेवटची गोष्ट मला कुणी पहिल्यांदा सांगितली असेल तर तुम्ही, तीही न सांगता. तुम्ही बाबांच्या कपाळावर सरळ हात ठेवलात. उपडा तळहात, घरातल्या बाया ठेवतात तसा. पॅसेजमधल्या त्या तासानंतर मी तो हात बघत राहिलो होतो.

आपल्याकडे भाषणांत ऐकायला मिळतं की गोव्यात १८४२ पासून वैद्यकशाळा आहे. खरं आहे, अभिमान वाटावा असंच आहे. पण सत्तरीतल्या माणसाच्या लेखी त्या पावणेदोनशे वर्षांचं मोल शेवटी समोरचा माणूस त्याचे हात बघतो की नाही, यावर ठरतं. माझा राग शिकलेल्या लोकांवर नाही. ज्या तरुण डॉक्टरांनी तुमच्या वॉर्डात बाबांची कंबर वाकवून पाठीतलं पाणी काढलं, त्यांनी आधी त्यांच्याशी दहा मिनिटं बागेबद्दल गप्पा मारल्या होत्या. कलमं किती, बोंडू कुठल्या भट्टीला घालता. बाबा भानावर नव्हते, अर्धी उत्तरं चुकीची होती, तरी ते विचारत होते.

आणि सगळेच काही तुमच्या वॉर्डातले पगारी नव्हते. १०८ ॲम्ब्युलन्सच्या पायलटने, म्हणजे ड्रायव्हरने, होंडा गावाच्या पुढे खड्डे आले तसा वेग कमी केला, प्रत्येक खड्ड्याला “बाबा, आता हां” म्हणून आधी सांगितलं. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको, काणकोणकडची, रोज डब्यातली अर्धी पेज माझ्या पेल्यात ओतायची. मी नको म्हटलं की “आमचो खायना, वचून सांडूं?” म्हणायची. तिचा नवरा वाचला का, मला आजतागायत माहीत नाही. आम्हाला घरी सोडलं तेव्हा तो झोपलेला होता. असल्या माणसांची आठवण नेमकी जेवताना येते आणि घास अडकतो.

मी कदंबाचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, कंडक्टर आहे. तेव्हा वाळपईच्या गाडीवर होतो, आता मडगाव लायनीवर. सकाळच्या गाडीत रात्रपाळी करून आलेल्या सिस्टर चढतात, तिकीट काढतात आणि सुट्टे परत घ्यायच्या आत झोपतात, पर्स छातीशी धरून. मी त्यांचे थांबे पाठ केलेत. पूर्वी मी थांब्याचं नाव एकदाच ओरडायचो, उतरला तर उतरला. ड्रायव्हर मला हसतो, म्हणतो हा कंडक्टर आहे की अलार्म.

तुम्हाला भेटायचा प्रयत्न मी अगदीच केला नाही असं नाही. घरी सोडलं त्या दिवशी तुमची पाळी नव्हती. महिन्याभराने पेढे घेऊन आलो, तर भेटीची वेळ संपली म्हणून सिक्युरिटीने गेटावर अडवलं. वाद घालण्याची सवय मी त्या वॉर्डातच सोडली होती, मग पेढे त्यालाच दिले. त्यानंतर मात्र माझाच आळस.

बाबा आता ६७ चे आहेत. हाताची थरथर जायला आठ महिने लागले. बागेत अजून जातात, पण पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आले की कपडे सरळ गरम पाण्यात. बागेत मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्रात फोन लावतात, मग ते गावातल्या कुणाच्याही बागेत दिसलेलं असो. त्या रात्रींचं त्यांना काही आठवत नाही. मी सगळं सांगितलं, अगदी “हय गे”सुद्धा. ते म्हणाले, बरोबर आहे, आमची आयच होती ती. मी पुढे वाद घातला नाही.

एकच गोष्ट ते अधूनमधून विचारतात, म्हणून तुम्हाला विचारतो. सहाव्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा दुपारची वेळ होती, दिवे बंद होते. स्टार्टर जागेवर होता का, मी वर पाहिलं नाही. मागल्या साली दुसऱ्या एका पेशंटला भेटायला त्या वॉर्डात गेलो, तर रांगभर पांढरे एलईडी लागले होते आणि स्टूल कोपऱ्यात तसंच होतं. बाबांना वाटतं तो स्टार्टर तुमच्याकडेच राहिला. तसं असेल तर परत करू नका. एक किलो काजूबिया भाजून, सोलून ठेवल्या आहेत, कुणाच्या हाती पाठवू तेवढं कळवा.

तुमचा,
खिडकीकडून दुसऱ्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा
सत्तरी