रविवारी मी कुणाबरोबर असते

लीड्स, इंग्लंड,
रविवार, 8 जून 2025

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता आई, तू विचारलंस, "सुट्टीच्या दिवशी एकटीच असतेस ना गं?" मी "नाही गं" म्हणाले, तेवढ्यात दादा आला आणि विषय तिथेच राहिला. पण तुझा तो आवाज आठवडाभर माझ्या कानात आहे. माझ्या "नाही गं"ने तुझं समाधान झालेलं नाही, हे मला कळतं. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. बाबांचा डोळा आता चांगला बरा झालाय, तेव्हा पत्र त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवावं.

आधी एक गोष्ट कबूल करते, कारण ती झाकून ठेवून बाकीचं सांगताच येणार नाही. मार्चमध्ये माझा पाय मुरगळला होता. चांगला टम्म सुजला होता आणि दहा दिवस मी घरात होते. व्हिडिओ कॉलवर मी सारखी पलंगावर का बसलेली असते, म्हणून तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा "ड्युटीने दमलेय" म्हणाले. खोटं बोलले, माफ करा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांवर होतं, त्यात तुमच्या जिवाला आणखी घोर नको असं वाटलं.

झालं असं. लीड्सपासून गाडीने सव्वा-दीड तासावर मालहम नावाचं खेडं आहे. गावाच्या मागे चुनखडीचा प्रचंड कडा उभा आहे, जवळजवळ 80 मीटर उंच, एखाद्या खोऱ्याचं टोक भिंत बांधून बंद केल्यासारखा. कडेने दगडी पायऱ्या आहेत, चारशेच्या घरात. वर गेलं की सपाट खडक लागतो. हजारो वर्षांच्या पावसाने त्या खडकाला खोल भेगा पडल्यात, इतक्या की वरून बघितलं तर फरसबंदी केल्यासारखं दिसतं. भेगांमध्ये डोकावलं की आत नेचे उगवलेले दिसतात. आई, वाटेत तुझ्या माहेरच्या गडग्यांची फार आठवण झाली. इथेही शेताशेतांना तसेच गडगे, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. मधे मधे माणूस आडवा होऊन जेमतेम पलीकडे जाईल एवढी फट ठेवलेली असते, म्हणजे माणूस जातो आणि मेंढरू अडतं. शेत खाजगी मालकीचं असलं तरी त्यातून जाणाऱ्या पायवाटेवर चालायचा हक्क सगळ्यांना असतो. फाटक जसं होतं तसं ठेवून पुढे जायचं, एवढं पाळायचं.

पहाटे पाऊस पडून गेला होता. ओल्या चुनखडीवर पाय असा सटकतो की सावरायला वेळच मिळत नाही. माझा उजवा पाय भेगेत गेला आणि मी बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीत होते, पण तोंडातून शब्द फुटेना.

आम्ही पाच जण होतो, त्यातल्या तिघी नर्स. कोण कोण, ते पुढे सांगते. चेचीने माझा बूट काढला, घोटा दाबून पाहिला, पायाची बोटं हलवायला लावली आणि "हाड शाबूत दिसतंय, पण एक्स-रे काढायचाच" असं ठणकावून सांगितलं. माझी लागोसची मैत्रीण पिशवीत नेहमी क्रेप बँडेज ठेवते, तिने ते बांधलं. डोंबिवलीच्या वहिनी माझं डोकं मांडीवर घेऊन "श्वास घे, श्वास घे" म्हणत होत्या. एवढ्यात साठी ओलांडलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं समोरून आलं. काही न विचारता त्यांनी आपल्या चालायच्या काठ्या माझ्या हातात दिल्या. परत कशा करायच्या विचारलं तर म्हणाले, "खाली गावातल्या पबमध्ये ठेवून जा, आम्ही संध्याकाळी घेऊ." एका बाजूने काठी, दुसऱ्या बाजूने डोंबिवलीच्या दादांचा खांदा, अशी मी बसत-उठत खाली आले. एरवी जी वाट वीस मिनिटांची, तिला दीड तास लागला. कुणी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

एक्स-रेमध्ये हाड चांगलं निघालं. पुढचे दहा दिवस मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. सकाळी चेचीच्या मुलीने शाळेला जाता जाता कांजी आणि पापड आणून द्यायचे. वहिनींनी ऑफिसमधून येताना मेतकूट-भाताचा डबा आणायचा. एकदा तर त्यांनी तुझ्यासारखी तिखट आमटी केली आणि मी ती नुसती वाटी तोंडाला लावून प्यायले. आमच्या जुन्या सिस्टर गुडघे दुखत असताना दोन जिने चढून आल्या आणि माझी चादर बदलून गेल्या. आई, तू असतीस तर जे जे केलं असतंस ते झालं. फक्त दृष्ट काढायची राहिली.

आता ही माणसं कोण ते सांगते. चेची कोट्टायमची, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आमच्याच वॉर्डात. चेची म्हणजे मल्याळीत थोरली बहीण. तिचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. लागोसची मैत्रीण माझ्याच बॅचला इथे आली. डोंबिवलीचे दादा-वहिनी गणपतीच्या आरतीला भेटले, तेव्हापासून त्यांची गाडी आमची सगळ्यांची आहे. आणि जुन्या सिस्टर अस्सल यॉर्कशरच्या, गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, अगदी मोठ्या डॉक्टरांनाही. मला मात्र त्यांना नावाने हाक मारवत नाही, मी सिस्टरच म्हणते.

सुरुवात सिस्टरमुळेच झाली. पहिल्या डिसेंबरात मी खरोखरच एकटी होते, तेव्हा तुला सांगितलं नाही. इथे डिसेंबरात दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. बारा-साडेबारा तासांची ड्युटी असली की अंधारात जायचं, अंधारात यायचं. सुट्टीच्या दिवशी पडदे ओढून पडून राहायचे आणि जुने फोटो बघायचे. एकदा चहाच्या सुट्टीत सिस्टरनी विचारलं, "रविवारी काय करतेस?" मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "मग अकरा वाजता तयार राहा, बूट चांगले घाल." राउंडहे पार्कच्या तळ्याला आम्ही एक फेरी मारली. कडाक्याची थंडी होती. बाकावर बसून त्यांनी थर्मासमधला चहा ओतला आणि आपल्या आईबद्दल बोलायला लागल्या. मग मी तुझ्याबद्दल बोलले. परतताना त्यांच्या घरी जेवले. यॉर्कशर पुडिंग नावाला पुडिंग, पण गोड नसतं. मैदा, अंडी आणि दुधाचं पीठ कडकडीत तापलेल्या तेलात ओतून भट्टीत ठेवतात, ते वाटीसारखं फुगतं. त्यात रस्सा घालून खायचं. मी गोमांस खात नाही हे त्यांना आठवत होतं, माझ्यासाठी कोंबडी वेगळी भाजली होती.

इथली रीत समजायला मला वर्ष लागलं. आपल्याकडे कुणीही कधीही दार वाजवतं, चहा टाकला जातो. इथे "ये की कधीतरी घरी" म्हटलं तर ते नुसतं बोलणं असतं. तारीख आणि वेळ ठरली तरच ते आमंत्रण. आणि ती तारीख तीन-तीन आठवडे आधी ठरते. आधी मला हे फार कोरडं वाटायचं. पण आमच्यासारख्या रोटावर, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या माणसांना एकत्र मिळणारा शनिवार-रविवार महिन्यातून एखादाच असतो. तो कुणी डायरीत आपल्या नावाने लिहून ठेवतं, पाऊस असो, वारा असो, मोडत नाही, यात केवढी माया आहे हे आता समजतं. तरीही न विचारता जाता येईल असं एक दार लागतंच. चेचीचं दार ते आहे.

कुठे कुठे गेलो सगळं लिहीत बसत नाही. पण बाबा, दोन सहली खास तुमच्यासाठी.

पहिली व्हिटबीची. लीड्सहून 840 नंबरची बस निघते, यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग करत थेट समुद्रावर जाते. डबल डेकर आहे. अंतर सातारा-पुण्याहून थोडं जास्तच, साडेतीन तासांच्या आसपासचा प्रवास, आणि तिकीट तीन पौंड. सरकारने इंग्लंडमधल्या बहुतेक बसच्या एकेरी भाड्याला तीन पौंडांची कमाल मर्यादा घातलीय, म्हणून एवढ्या लांबचंही तेवढंच. आपले साडेतीनशे रुपये. कंडक्टर नसतो, पैसे ड्रायव्हरच घेतो. घंटीची दोरी नाही, लाल बटण दाबायचं. पिकरिंग सोडलं की वस्ती संपते आणि माळ सुरू होतो. मग एका प्रचंड खोलगट दरीच्या काठाने रस्ता जातो आणि लगेच उतारावर असं आवळलेलं वळण येतं की मला यवतेश्वरचा घाट आठवला. इथले लोक सांगतात, वेड नावाच्या राक्षसाने बायकोवर चिडून मूठभर माती उपसली, तो हा खड्डा. ऑगस्टमध्ये हेदर नावाचं झुडूप फुलतं आणि सगळा माळ जांभळा होतो. कास पठारावर तुम्ही मला खांद्यावर घेऊन दाखवला होतात ना, तसा, पण नजर पोचेल तिथपर्यंत.

आणि बाबा, एक गोष्ट. उतरताना जवळजवळ प्रत्येक माणूस ड्रायव्हरला "थँक यू" म्हणतो. शाळेची पोरं, म्हातारी माणसं, सगळे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही चौतीस वर्षं सातारा डेपोत काढलीत. दिवाळीच्या पहाटे, पुराच्या पावसात, तापात गेलात. तुमच्या बसमधून उतरणाऱ्या किती जणांनी तुम्हाला असं म्हटलं असेल? मी तरी कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

व्हिटबीला बंदराच्या वर 199 पायऱ्या चढून जुन्या मठाचे अवशेष आहेत. नुसत्या कमानी उभ्या आहेत आणि त्यांतून समुद्र दिसतो. खाली मासे आणि बटाट्याच्या चिप्स खायच्या. इकडे बऱ्याच दुकानांत ते गाईच्या चरबीत तळतात, म्हणून मी आधी विचारते. वनस्पती तेलाचं दुकान माझ्या मैत्रिणींनीच शोधून ठेवलंय. सगळ्याच तिथे येतात.

दुसरी सहल लंडनची. गेल्या नोव्हेंबरात सगळ्यांनी विचारलं, तुला काय बघायचंय? बकिंगहॅम राजवाडा वगैरे सगळ्यांचं पाहून झालं होतं. मी म्हटलं, किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. बाहेर निळी गोल पाटी आहे. तिथे उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं, की 7 नोव्हेंबर 1900 रोजी हा मुलगा साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत दाखल झाला, आणि पुढे त्याच शाळेत माझे बाबा शिकले. लागोसची मैत्रीण बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "इथे उभी राहा. हा फोटो आधी तुझ्या वडिलांना पाठव." तो हा फोटो, जो तुम्ही टीव्हीशेजारी लावलाय. तो कुणी काढला ते आज सांगितलं.

फोटो पाठवताना पुष्कळदा माझा हात थांबतो. तुम्ही दोघं तिकडे, दवाखान्याच्या रांगेत दादा, आणि मी समुद्रावर हसत उभी. ऑपरेशनच्या दिवशी तर मी पाय वर करून पलंगावर नुसती रडत होते. चेची शेजारी बसली होती, दादाचा "झालं, सगळं नीट आहे" असा मेसेज येईपर्यंत हलली नाही. मला इथे मजेत बघून तुम्हाला बरं वाटतं हे तुम्ही म्हणता, तरी ती टोचणी जात नाही. ती जावी असंही मला वाटत नाही.

आता काम. बाबा, दोघांचे पासपोर्ट काढून ठेवा. व्हिसाचा अर्ज मी इथून भरते, बोटांच्या ठशांसाठी तेवढं पुण्याला जावं लागेल, दादा सोबत येईल. ऑगस्टचे पहिले तीन आठवडे मी रजा मागितलीय. यंदा गणपती 27 तारखेला आहेत, त्याच्या चार दिवस आधी तुम्ही घरी पोचाल. 840च्या वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट मिळावी म्हणून आपण पहिल्या थांब्यावरूनच बसू. आई, पायऱ्या चढायच्या नसतील तर खाली बंदरावर बसायला बाकं आहेत. सिस्टर तुझ्याबरोबर थांबणार आहेत, त्यांनी स्वतःच सांगितलंय. स्वेटर आण, रेनकोट आणू नकोस, वहिनींकडे दोन जास्तीचे आहेत.

रात्रीचे नऊ वाजून गेलेत आणि बाहेर अजून उजेड आहे. चेचीचा आत्ताच मेसेज आला, तुम्ही आलात की पहिलं जेवण तिच्याकडे. आईला मासे चालतात का, विचारतेय. मी हो कळवलंय, फक्त गुरुवार नको म्हटलंय.

तुमची,
धाकटी