शनिवारचा दुसरा तास

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा घेतला का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

गेल्या जुलैत मी तुमच्या घरी आले ती रडगाणं घेऊनच. मराठी माध्यमाची शाळा, नववीचा वर्ग आणि इंग्रजीच्या कविता. माझी पद्धत ठरलेली होती. कविता वाचायची, प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून घ्यायचा, मग फळ्यावर रसग्रहण: कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. दहावीला तेच विचारतात. मार्क मिळत होते. पण कविता आवडली असं एकही पोर कधी म्हणालं नव्हतं, आणि आता सांगायला हरकत नाही, मलाही त्या शिकवायचा कंटाळा आला होता.

तुम्ही निवृत्त, तरी सहा महिने दर शनिवारी धंतोलीहून सिटी बसने सक्करदऱ्याला आमच्या वर्गावर आलात. रिक्षाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. नुसती हजेरी घेतलीत. "प्रेझेंट मॅडम", "प्रेझेंट मॅडम", सगळ्यांचा एकच सपाट सूर. पाचव्या नंबरला तुम्ही थांबवलंत. 'हजर' म्हणायचं असेल तर जोर 'प्रे'वर. तेच स्पेलिंग 'सादर करणे' या अर्थी आलं की जोर 'झेंट'वर. किल्ल्यांचा जुडगा बाकावर आपटून तुम्ही तो ऐकवलात. मग मुलांकडून अभंग म्हणवून घेतलात आणि बोटांवर अक्षरं मोजायला लावलीत: सहा, सहा, सहा, चार. अभंगात आपण अक्षरं मोजतो, वृत्तात लघु-गुरू. इंग्रजीत कान जोराकडे ठेवायचा. सॉनेट म्हणजे चौदा ओळींची कविता, आणि तिची ओळ म्हणजे ध-धाड, ध-धाड, असं पाच वेळा. केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणलं तेव्हा त्या चौदा ओळी आपल्या वृत्तात बसवल्या, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय मी. हे दोन धागे एकत्र जोडावेत असं मला कधी सुचलं नव्हतं.

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, गाईडात तर हे नाही जी." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच."

पण माझ्या मनात घर करून राहिला आहे तो लिहिण्याचा तास. तुम्ही फळ्यावर 'ब्यूटिफुल', 'नाइस' आणि 'वंडरफुल' लिहून त्यावर फुली मारलीत. हे तीन शब्द आजपासून बंद. विषय दिलात कूलर. आधी मुलं हसली. नागपूरच्या पोरांना उन्हाळ्यातल्या कूलरवर काय लिहायचं हे कोणी शिकवायला हवं का? तरी दहा मिनिटं वर्ग गप्प होता. मग एकीने विचारलं, वाळ्याच्या ताट्यांना इंग्रजीत काय म्हणतात? तुम्ही 'व्हेटिव्हर' सांगितलंत आणि लगेच म्हणालात, "नको तो, ताट्याच लिही. वाचणारा विचारेल."

आणि त्या मागच्या बाकावरच्याने लिहिलं: 'कूलर फर्स्ट कफ. देन इट गिव्ह स्मेल ऑफ माय आजी'ज हाउस.' माझा लाल पेन उचललाच गेला होता. दोन क्रियापदं चुकलेली. तुम्ही माझा हात धरलात आणि त्याला ती ओळ उभं राहून मोठ्याने वाचायला लावलीत. वाचताना त्याची त्यालाच चूक ऐकू आली. 'कफ्स' त्याने स्वतः केलं. दुसरी चूक राहिली. ती मी सोमवारी सांगितली, तोवर माझाही धीर वाढला होता.

सगळं गोड झालं असं नाही. काही मुलं शेवटपर्यंत ठोके चुकवत राहिली, आणि 'पोर्शन मागे पडतोय' म्हणून पालकांची एक तक्रारही आली. ती मी तुमच्यापर्यंत पोहोचू दिली नाही, आज इथे कळेल.

यंदा नवा नववीचा वर्ग आहे. मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदाच एकटीने, अर्थ न सांगता, कविता ठोक्यांवर म्हणवून घेतली. साठ मुलं बाकं बडवत होती. मुख्याध्यापक धावत आले, दारात उभे राहिले आणि शेवटच्या कडव्याला त्यांचाही हात चौकटीवर पडत होता. तो मात्र ठोक्याला चुकत होता.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका